गंगबलला ट्राउट गरवायला जायचंय: चालायला नक्की किती वेळ धरायचा?

रानमोगरा | ७ जून, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण काश्मीरला जातोय. तिथला अनेक तळ्यांवरून जाणारा ग्रेट लेक्सचा पूर्ण ट्रेक नाही करायचा. नारानाग या पायथ्याच्या गावाहून थेट वर चढायचं, नुंदकोल आणि गंगबल ही दोन तळी, आणि त्याच वाटेने खाली. पाचातले चौघे सह्याद्रीत नेमाने फिरणारे. पाचवे माझे सासरे, वय एकसष्ट, मूळ मालवणचे, जन्मभर खाडीत गरवलेले, म्हणजे गळाने मासे धरलेले. त्यांना एकदा तरी ट्राउट गळाला लागलेली बघायची आहे, आणि ही सगळी सहल त्यांच्यासाठीच आखली आहे.

अडचण वेळेच्या हिशोबाची आहे. एका ठिकाणी लिहिलंय नारानाग ते गंगबल पाच तास. एक ट्रेकवाले म्हणतात दोन दिवस. नारानागच्या घोडेवाल्यांना फोन केला तर ते म्हणाले, "चार घंटा, मॅडम." एका ॲपवर अंतर अकरा किलोमीटर दिसतं, दुसऱ्यावर चौदा. संध्याकाळी मासा चांगला लागतो म्हणतात. पण आम्ही सातला पोचलो तर गळ टाकणार कधी आणि तंबू लावणार कधी?

कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा?

---

कातळकडा | ७ जून, रात्री १०:३२

रानमोगराताई, सगळे आकडे आपापल्या जागी खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या माणसांचे आहेत. तुमचा आकडा तुम्हालाच काढावा लागेल. काढता येतो, अवघड नाही. सविस्तर लिहितो.

आधी किलोमीटर बाजूला ठेवा आणि चढाई बघा. नारानाग साधारण २१५० मीटरवर, गंगबल ३५७५ मीटरच्या आसपास. म्हणजे चढ झाला १४०० मीटर. अंतर अकरा की चौदा यावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही. नकाशावर थोड्या बिंदूंनी आखलेली रेघ झाडीतली सगळी वळणं कापते, म्हणून अंतर कमी दिसतं. चालताना नोंदवलेला जीपीएस ट्रॅक दाट झाडीत आणि विश्रांतीच्या जागी इकडेतिकडे उड्या मारतो, म्हणून ते जास्त दिसतं. खरं अंतर मध्ये कुठेतरी असतं. चढाई मात्र दोन्हींत जवळपास तीच येते, कारण पायथा आणि तळं जागचे हलत नाहीत.

आता सूत्र. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला नियम आजही सगळ्यात सोपा आहे: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. तोंडी हिशोब करायचा तर शंभर मीटर चढाईला दहा मिनिटं. चौदा किलोमीटर धरले तर २ तास ४८ मिनिटं, १४०० मीटरचे २ तास २० मिनिटं, एकूण ५ तास ८ मिनिटं. तुम्ही वाचलेले "पाच तास" बहुधा इथूनच आलेत. अकरा किलोमीटर धरले तरी फरक पडतो तो फक्त ३६ मिनिटांचा.

पण नेस्मिथचा माणूस धडधाकट आहे, वाट चांगली आहे, आणि तो थांबत नाही. त्यात जेवण नाही, फोटो नाहीत, बुटात गेलेला खडा काढणं नाही.

जर्मन पद्धत जास्त सावध आहे. तिच्यात सपाटीला ताशी ४ किमी, चढाला ताशी ३०० मीटर, उताराला ताशी ५०० मीटर. आडवा वेळ आणि उभा वेळ वेगवेगळा काढायचा, मोठा पूर्ण घ्यायचा आणि लहानाचा निम्मा त्यात मिळवायचा. तुमच्या वाटेला उभा वेळ ४ तास ४० मिनिटं, आडवा साडेतीन तास, त्याचा निम्मा पावणेदोन. बेरीज ६ तास २५ मिनिटं.

आल्प्समधल्या वाटाड्यांची मुंटर पद्धत आणखी साधी: किलोमीटर अधिक शंभर-शंभर मीटरचे चढ, भागिले चार. चौदा अधिक चौदा, अठ्ठावीस भागिले चार, सात तास.

एकाच वाटेला पाच, साडेसहा आणि सात तास! म्हणून सूत्र कोणतं निवडता याला फार महत्त्व नाही. एकच निवडा, आणि त्याच्याशी तुमच्या गटातल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसाचं प्रमाण काढा.

ते पुण्यात बसून काढता येतं. आतकरवाडीहून सिंहगडाची पायवाट साधारण २.७ किमी आणि साडेपाचशे-पावणेसहाशे मीटर चढाईची आहे. नेस्मिथप्रमाणे दीड तासाला एखाद-दुसरा मिनिट कमी. जी सॅक काश्मीरला न्यायची तीच पाठीवर घेऊन चढा. धावू नका, नेहमीसारखं थांबा, पाणी प्या, आणि पायथ्यापासून दरवाज्यापर्यंतची पूर्ण वेळ लिहा, थांबे धरून. ही वेळ भागिले दीड तास, हा तुमच्या गटाचा गुणक. गंगबलच्या प्रत्येक टप्प्याला नेस्मिथने आलेल्या वेळेला तोच लावायचा.

---

घाटवाट_सातारा | ७ जून, रात्री ११:०५

कातळकडा, +१.

घोडेवाल्यांच्या "चार घंटा"बद्दल एक सांगतो. ते खोटं बोलत नाहीत. त्यांचे पाय त्या वाटेवर वाढलेत, त्यांना चारच तास लागतात. "किती वेळ लागतो?" असं विचारूच नये. विचारायचं, "काल ज्या टुरिस्टांना घेऊन गेलात ते किती वाजता निघाले आणि किती वाजता पोचले?" दोन ठोस वेळा मिळतात. वर गुरं-मेंढ्या चारणाऱ्या बकरवाल आणि गुज्जर मंडळींनाही असंच विचारावं. "त्या खिंडीपाशी पोचेपर्यंत ऊन कुठे येईल?" असं विचारलं की हात करून दाखवतात, आणि तो अंदाज फार क्वचित चुकतो.

---

तंगूस | ८ जून, सकाळी ७:४८

रानमोगरा, तुमच्या सासऱ्यांसाठी हा धागा वाचून बरं वाटलं. मी मासेमारीच्या बाजूने लिहितो, कारण ट्रेकवाले पोचण्याची वेळ काढतात आणि तिथेच हिशोब थांबवतात. आपलं काम तळ्यावर पोचल्यावर सुरू होतं.

गंगबलमध्ये ब्राउन ट्राउट आहे. काश्मीरचा हा मूळचा मासा नव्हे. १९०० च्या सुमारास इंग्रजांनी स्कॉटलंडहून अंडी आणून तो इथल्या पाण्यात रुजवला. त्याआधीची खेप वाटेतच मेली होती. थंड, स्वच्छ, भरपूर प्राणवायू असलेलं पाणी त्याला मानवतं आणि या तळ्यांत ते आहे.

उंचावरच्या तळ्यात भर दुपारी ऊन थेट पाण्यात उतरतं तेव्हा मोठा मासा खोल जातो. पहाटे उजाडल्यापासून ऊन पाण्यावर येईपर्यंत, आणि संध्याकाळी सावली पडल्यापासून अंधारापर्यंत तो काठाजवळ येतो. ओढा जिथे तळ्यात शिरतो आणि जिथून बाहेर पडतो त्या तोंडांवर सगळ्यात जास्त. गंगबलचं पाणी बाहेर पडून नुंदकोलमध्ये जातं. तो मधला ओढा आणि त्याची दोन्ही तोंडं ही तुमची पहिली जागा.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. हरमुख हे ५१४२ मीटरचं शिखर तळ्याच्या नैर्ऋत्येला उभं आहे. ऑगस्टअखेर श्रीनगरचा सूर्यास्त सातच्या आसपास असला तरी तळ्यावरचं ऊन त्याच्या बरंच आधी जातं. याचा फायदा असा की संध्याकाळची गरवायची वेळ लवकर सुरू होते. तोटा असा की थंडीही लवकर सुरू होते. साडेचारला गळाची काठी जोडून पाण्याकाठी उभं राहता आलं पाहिजे. म्हणजे उशिरात उशिरा अडीच-तीनला तळावर. तंबू, चहा, अर्धा तास आडवं होणं, मग गळ.

काठाकाठाने चालण्याचा वेळ वेगळा धरा. गंगबल जवळजवळ अडीच किलोमीटर लांब आहे. "तळ्याला एक चक्कर मारून येतो" असं म्हणून निघालेला माणूस धोंड्यांवरून तोल सांभाळत, हातात काठी घेऊन, दर दहा पावलांना पाणी निरखत जातो. तिथे ताशी एक किलोमीटर झाला तरी पुष्कळ. तंबूपासून जितकं लांब गेलात तितकंच अंधारात परत यायचंय.

काठीची नळी सॅकच्या बाजूला उभी बांधू नका. नारानागच्या वरच्या पाइनच्या जंगलात ती खालच्या फांद्यांत अडकते, प्रत्येक वेळी वाकून मागे सरावं लागतं, आणि चढावर लय मोडली की दम लागतो. चार तुकड्यांत सुटणारी काठी घ्या आणि ती सॅकच्या आत, पाठीलगत ठेवा.

---

डेन्व्हरकर | ८ जून, सकाळी ९:२०

कोलोरॅडोतून लिहितोय. इथे आमच्या घरातही हाच प्रश्न दर उन्हाळ्यात पडतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये लॉन लेक नावाचं तळं आहे. तिथे ग्रीनबॅक कटथ्रोट ही इथली मूळची ट्राउट मिळते. कोलोरॅडोचा तो राज्यमासा आहे आणि पकडला की सोडावाच लागतो. वाट एका बाजूने दहा किलोमीटर, चढाई सातशे मीटरला थोडी कमी. नेस्मिथने ३ तास १० मिनिटं येतात. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या डोंगरांत चालणारा हिशोब वेगळा आहे: ताशी दोन मैल आणि दर हजार फुटांना अर्धा तास. त्याने सव्वाचार तास येतात. मुलं बरोबर असतील तर आम्हाला हा दुसरा आकडाच लागू पडतो.

पण मला खरं सांगायचंय ते घड्याळाबद्दल. इथे जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजांचं वादळ जवळपास रोजचं. दुपारी बाराच्या सुमारास झाडरेषेच्या, म्हणजे जिथे झाडं संपतात त्या उंचीच्या, खाली आलेलं असावं, असा इथला सर्वमान्य दंडक आहे. म्हणून आम्ही निघायची वेळ शेवटी ठरवतो. समजा तळ्यावरून अकराला उठायचं. गरवायला तीन तास हवेत, म्हणजे आठला पोचायचं. चालायला सव्वाचार तास, म्हणजे पावणेचारला पायथा सोडायचा. पहाटे पावणेचार हे ऐकायला जड जातं, पण दुसऱ्या टोकाकडून मोजलं की निघण्याच्या वेळेत घासाघीस करायला जागा राहत नाही. सकाळी सातला निघून "बघू किती वेळ मिळतो ते" म्हटलं की कमी होतो तो गरवायचा वेळ, आणि तो कमी झाला की माणूस परतीच्या वेळेतून उसना घेतो. विजांच्या प्रदेशात ते फार महागात पडतं.

काश्मीरमध्ये तळ्यावर मुक्काम करणार असाल तर हे इतकं कडक नाही. तरी उलटं मोजायची सवय ठेवाच.

---

वेगवान_विंचू | ८ जून, दुपारी १:१५

इतकं गणित कशाला? चांगला फिट माणूस नारानागहून सकाळी सहाला निघाला तर दुपारपर्यंत गंगबल. एका दिवसात होतं, करणारे पुष्कळ आहेत. मी टोब्लरच्या सूत्राने काढलं, चार तास आले.

---

कातळकडा | ८ जून, दुपारी २:४०

वेगवान_विंचू, पाय पोचतात याबद्दल वाद नाही. पण टोब्लरच्या चार तासांचं नीट बघा. वॉल्डो टोब्लर हे भूगोलाचे अभ्यासक. त्यांचं १९९३ चं सूत्र उतारावरून वेग काढतं: हलक्या उतरणीला, म्हणजे शंभर मीटरला पाच मीटर खाली, सर्वाधिक ताशी ६ किमी. सपाटीला ताशी ५. शंभराला दहा मीटर चढ असेल तर ताशी साडेतीन, वीस मीटर असेल तर अडीच. आपल्या वाटेचा सरासरी चढ शंभराला दहा, म्हणून चौदा भागिले साडेतीन, चार तास. यात थांबा नाही, तंबू-काठीचं ओझं नाही, हवेचा विरळपणा नाही. पायवाट सोडली की हाच वेग ०.६ ने गुणायचा असं त्या सूत्रातच आहे, आणि तळ्याच्या काठावर पायवाट नसते. नकाशावर शेकडो वाटांची तुलना करायला हे सूत्र उत्तम. पाच माणसांचा मुक्काम ठरवायला ते एकटं पुरत नाही.

सरासरीचीही एक फसवणूक असते. या वाटेची निम्म्याहून जास्त चढाई पहिल्याच टप्प्यात आहे, जंगलातून अंगावर येणारी. ती संपली की कुरणं लागतात आणि पुढे चाल सुखाची. त्यामुळे दोन तासांनी घड्याळ आणि नकाशा बघून "अजून निम्मंही नाही झालं" असं वाटेल. तेव्हा घाबरून वेग वाढवायचा नाही. किलोमीटर मागे असतील, पण चढाई पुढे गेलेली असेल. म्हणून टप्प्यांवर उंची लिहून ठेवा, अंतर नको.

---

पायपीट_नाशिक | ८ जून, सायंकाळी ६:०२

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि उंचावर जाणाऱ्या गटांची तयारी करून घेते. एका दिवसात जाण्याला माझा विरोध आहे. कारण पाय नाहीत, झोप आहे.

साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के असतो. दमाची क्षमता दीड हजार मीटरच्या वर दर हजार मीटरला ढोबळ दहा टक्क्यांनी घटते. म्हणजे गंगबलला सिंहगडाच्या मानाने सुमारे वीस टक्के कमी. कातळकडांच्या गुणकावर आणखी १.२ लावा. सिंहगड १३१२ मीटरचा, तो हे दाखवू शकत नाही.

दुसरं, डोंगरी वैद्यकातला नेहमीचा सल्ला असा की ३००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. नारानागला झोपून दुसऱ्या रात्री गंगबलला झोपलात तर १४०० मीटरची उडी. एकसष्ट वर्षांच्या माणसाला पहाटे डोकं ठणकत आणि मळमळत उठावं लागलं तर पाण्याकाठची ती पहाट त्यांची राहत नाही. वय जास्त म्हणून त्रास जास्तच होतो असं नाही, तरुणांनाही तितकाच होतो. पण इथे ज्यांच्यासाठी जाताय त्यांनाच तो होऊ देऊ नका.

सोनमर्ग २७३० मीटरवर आहे. तिथे दोन रात्री काढा, मग नारानाग, मग वाटेतल्या त्रुंखोलच्या कुरणात मुक्काम, मग गंगबल. पायऱ्या बरोबर बसतात. रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना वाट आणि उंची दोन्ही सांगून विचारा.

उताराचंही लिहिते, ते सगळे विसरतात. नेस्मिथने उतरणीचा हिशोबच केला नव्हता, तो नंतर लँगम्यूर यांनी जोडला: हलक्या उतरणीला दर ३०० मीटरला दहा मिनिटं वजा, तीव्र उतरणीला दहा मिनिटं अधिक. गुडघे दुखणाऱ्यांनी वजाबाकी करूच नये. जंगलातला शेवटचा उतार पाऊस पडून गेल्यावर चढाइतकाच वेळ खातो.

---

वेगवान_विंचू | ८ जून, सायंकाळी ६:५०

झोपायच्या उंचीचा मुद्दा मान्य. गटात एकसष्ट वर्षांचं माणूस असताना दोन दिवसच बरोबर. हलकी सॅक घेऊन एकट्याने जाणाऱ्यासाठी मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे.

---

रानमोगरा | १५ जून, रात्री ८:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी सगळे मिळून सिंहगड केला, भरलेल्या सॅका घेऊन. सासऱ्यांना थांबे धरून बरोबर दोन तास लागले. म्हणजे गुणक १.३३, तो थोडा वर धरून १.३५. आमचा वेग त्यांच्यापेक्षा जास्त आहे, पण हिशोब त्यांच्याच वेळेने केलाय.

आराखडा असा. सोनमर्गला दोन रात्री, नारानागला एक. नारानागहून सकाळी सातला निघायचं. त्रुंखोलपर्यंत ढोबळ दहा किलोमीटर आणि ११०० मीटर धरलेत. नेस्मिथने ३ तास ५० मिनिटं, गुणिले १.३५ म्हणजे ५ तास १० मिनिटं, उंचीचा १.२ लावून सव्वासहा तासांच्या आत. जेवणाला पाऊण तास. दुपारी दोनला त्रुंखोल. त्या दिवशी गळ बाहेर काढायचाच नाही, फक्त आराम.

दुसऱ्या दिवशी चार किलोमीटर आणि तीनशे मीटर. नेस्मिथने १ तास १८ मिनिटं, दोन्ही गुणक लावून दोन तास सहा मिनिटं. आठला निघून दहा-सव्वादहाला तळ्यावर. तंगूसदादांनी सांगितलेल्या साडेचारच्या आधी भरपूर वेळ हातात. तिथे दोन रात्री, म्हणजे दोन संध्याकाळी आणि दोन पहाटा मिळतात. परतीला चौदा किलोमीटर आणि १४०० मीटर उतार, लँगम्यूरची वाढ धरून ३ तास ३५ मिनिटं, गुणिले १.३५ म्हणजे ४ तास ५० मिनिटं, अधिक जेवण. आठला निघून दीड-दोनला नारानाग. पाऊस आला तर अंधाराआधी चार-पाच तास शिल्लक.

परवान्याचं काय करायचं? आणि वाटेत आपण मागे पडतोय की नाही हे कळायला काय लिहून ठेवू?

---

तंगूस | १५ जून, रात्री ९:०४

हिशोब छान बसलाय. पहाट हवी असेल तर दुसऱ्या पहाटेची गरवणी आणि आठला निघणं हे दोन्ही जमायला तंबू आदल्या रात्रीच अर्धा आवरून ठेवा. नाहीतर आठचे साडेनऊ होतात.

परवाना जम्मू-काश्मीरच्या मत्स्य विभागाकडून आधीच घ्या, श्रीनगरमध्ये असतानाच. वर तळ्यावर कोणी देत नाही. ट्राउटचा हंगाम एप्रिल ते सप्टेंबर, त्यामुळे ऑगस्टअखेरची वेळ बरोबर आहे. दिवसाला किती मासे ठेवायचे आणि कोणता गळ चालतो हे परवाना घेतानाच विचारून घ्या, आणि परवान्याचा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून खिशात ठेवा. सगळ्यांची ओळखपत्रं मूळ प्रतीत हवीत, या भागात तपासणी होते. ट्रेकच्या परवानगीची स्थिती दर वर्षी बदलते, म्हणून तिकिटं काढण्याआधी स्थानिक प्रशासनाकडे विचारून घ्या.

सासऱ्यांना सांगा, खाडीतलं जाड तंगूस घरी ठेवा. या पाण्यात तळ दिसतो, मासा दोरी बघतो. बारीक दोरी, लहान स्पिनर (पाण्यात फिरणारं चकचकीत आमिष), आणि पाण्याकाठी उभं राहण्याआधी दहा फूट मागे थांबून बघणं. पहिला मासा बहुतेक वेळा अगदी काठाला असतो, आणि घाईने पाण्यापर्यंत गेलेल्या माणसाच्या पावलांनीच तो पळतो.

---

कातळकडा | १५ जून, रात्री ९:४१

रानमोगराताई, एका कागदावर तीनच ओळी लिहा आणि सॅकच्या पट्ट्याला अडकवा: २५०० मीटर, २८०० मीटर, ३१०० मीटर. समोर तिथे पोचायची ठरवलेली वेळ. मोबाईलवरचा उंचीमापक पंधरावीस मीटरने इकडेतिकडे दाखवतो, तेवढं चालतं.

वेळ घालायची पद्धत अशी. जंगलातला टप्पा जास्त चढाचा, म्हणून तिथे दर शंभर मीटरला वीस-बावीस मिनिटं धरा, त्यात तुमचे दोन्ही गुणक आले. सातला निघालात तर २५०० मीटरला सव्वाआठ-साडेआठ, २८०० ला साडेनऊ, ३१०० ला साडेदहा-पावणेअकरा. उरलेला वेळ वरच्या कुरणांतल्या आडव्या चालीचा आणि जेवणाचा.

पहिल्या खुणेला पाऊण तासापर्यंत उशीर झाला तर काही करू नका, सकाळचे पाय जड असतातच. दुसऱ्या खुणेलाही तेवढाच उशीर असेल तर तुमचा गुणक बदलला एवढंच समजा आणि पुढची वेळ त्या प्रमाणात वाढवा. उशीर दोन्ही खुणांमध्ये वाढतच गेला आणि सासरे बोलायचे थांबले, तर जिथे सपाट जागा आणि पाणी असेल तिथेच तंबू लावा. त्रुंखोल गाठायचा हट्ट नको. तुमच्याकडे तळ्यावर दोन रात्री आहेत, त्यातली एक खर्च झाली तरी एक पूर्ण संध्याकाळ आणि एक पहाट उरते.

गटात पुढे कोण चालणार हेही आत्ताच ठरवा. सासऱ्यांना दुसऱ्या क्रमांकावर ठेवा, शेवटी नको. शेवटच्या माणसाला विश्रांती मिळत नाही. तो येऊन पोचतो तेव्हा पुढचे ताजेतवाने होऊन उठलेले असतात.

---

रानमोगरा | १५ जून, रात्री १०:१५

कागद लिहून झाला. पुढे भाऊ, मागून सासरे, शेवटी मी. जुलैत पावसात पुन्हा एकदा सिंहगड करणार आहोत, यावेळी उतरण्याची वेळ मोजायला. आकडे इथेच टाकते.